वाशीत गाळा शोधताना

गेल्या फाल्गुनात माझा मावसभाऊ सांगलीहून आला तो एकच प्रश्न घेऊन. "दादा, वाशीत गाळा कुठं घेऊ?"

माल ठरलेला होता. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, हळद, कांदा-लसूण मसाला, उडदाचे पापड, सांडगे. मावशी आणि त्याची बायको गावाकडे करणार, हा इथे राहून विकणार. भांडवल बेताचं. म्हणजे गाळा भाड्यानेच, अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, आणि जागा चुकली तर दुसऱ्यांदा डिपॉझिट भरायची ताकद नाही. मी सव्वीस वर्षं नवी मुंबईतल्या वाशीत राहतो, तेव्हा मला माहीत असणारच, असं त्याने धरलं होतं. मीही तसंच धरलं होतं.

पहिल्या संध्याकाळी चहा घेताना त्याने विचारलं, "इथली मेन पेठ कुठली?" सांगलीत हा प्रश्न कुणाला विचारा, गणपती पेठ नाहीतर मारुती रोड, लगेच उत्तर येतं. मी 'सेक्टर सतरा' म्हणालो. माझी बायको आतून म्हणाली, "छे, नऊ-दहा." आणि मुलगी मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "स्टेशन. मॉल्स." एका घरात, एका टेबलावर, तीन पेठा. आठवडाभर मग आम्ही याच तीन उत्तरांच्या मागे फिरलो. त्या फिरण्याची ही हकीकत आहे. गाळा घेणाऱ्याला थोडी कामाला येईल, आणि वाशी एवढी आखूनरेखून वसवली तरी तिला एक मध्य का नाही, हेही त्यात थोडं उलगडतं.

आधी थोडा नकाशा सांगायला हवा, कारण इथे दुकान कुठे असावं हे माणसं राहायला यायच्या आधी ठरलं होतं. मुंबईच्या खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवावं ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास मांडली. १९७० मध्ये हे शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९७३ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा आला, आणि त्याच वर्षी ठाणे खाडीवरचा पहिला पूल वाहतुकीला खुला झाला. ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन. त्यात एकमेकांपासून सुटे 'नोड', म्हणजे छोटी उपनगरं, आणि नोडमध्ये सेक्टर. वाशी हा पहिला नोड.

दुकानांची रचना पायऱ्यापायऱ्यांची. दूध, भाजी, किराणा, इस्त्री हे सेक्टरमध्येच, चालत जाण्याच्या अंतरावर. बँका, कपडे, हॉटेलं नोडच्या व्यापारी भागात. आणि सगळ्यांच्या वर बेलापूरचं सीबीडी, जिथे मुंबईच्या फोर्टातली कचेऱ्यांची गर्दी हलवायची. कागदावर हा मनोरा सुरेख दिसतो. प्रत्यक्षात मंत्रालय हललं नाही, उलट त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यामुळे वाशी कितीतरी वर्षं झोपायला यायचं गाव होतं. सकाळी बसने जा, रात्री बसने या. दुकानदाराला संध्याकाळचे दोन तास आणि रविवार.

मावसभावाला एवढा इतिहास सांगून झाल्यावर तो म्हणाला, "ते असू दे. लोक चालतात कुठून ते दाव."

पहिला गाळा: स्टेशनवर, जिना चढून

एजंटाने सगळ्यात आधी दाखवला तो स्टेशन संकुलातला. वरच्या मजल्यावर, भाडं ऐकून मावसभावाचे डोळे चमकले. इतकं स्वस्त, आणि खालून दिवसभर एवढी माणसं जातात!

बाहेरगावचा माणूस नवी मुंबईची स्टेशनं बघून हबकतोच. लोकलच्या स्टेशनाला एवढा डोलारा कशाला? त्यामागचं कारण हिशेबाचं आहे. मानखुर्द-वाशी मार्ग बांधताना खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला, रेल्वेने एक तृतीयांश. ९ मे १९९२ ला लोकल खाडी ओलांडून वाशीला आली. सिडकोने आपला वाटा काही अंशी तिकिटावरच्या अधिभारातून आणि काही अंशी स्टेशनांवर नि भोवती व्यापारी जागा काढून त्या विकून भरून काढायचा, असा तो डाव. म्हणून वाशी स्टेशनच्या डोक्यावर इन्फोटेक पार्क आहे. स्टेशन म्हणजे एक प्रकारे रुळांचं कर्ज फेडणारी इमारत. शहराचा पैसा शहरातच फिरवायची ही युक्ती मला आजही हुशारीची वाटते. फक्त त्यातून निघालेला प्रत्येक गाळा चालेलच, असं त्या हिशेबात कुठे लिहिलेलं नव्हतं.

आम्ही जो गाळा बघायला गेलो त्याच्या शेजारी एक झेरॉक्सवाला होता. जिन्याच्या पहिल्या वळणापासून त्याने भिंतीवर कागद चिकटवले होते. 'झेरॉक्स वर', खाली बाण. पुढच्या वळणावर 'झेरॉक्स अजून वर'. मग 'डावीकडे'. मग 'आलात!' असे सात कागद मोजले. काही सेलोटेप सुटून लोंबत होते, एकावर कुणीतरी पेनने 'दमलो' लिहिलेलं. मावसभाऊ प्रत्येक कागदापुढे थांबून हसला आणि वर पोचल्यावर हसायचा थांबला.

संध्याकाळी सात वाजता आम्ही खाली उभे राहिलो. गाडी आली की माणसांचा लोंढा सुटतो, आणि तो लोंढा कुठे बघत नाही. शेअर रिक्षाची रांग, एनएमएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बसचा थांबा, दुचाकीचं पार्किंग, तीनच दिशा. त्या वाटेवर जे हाताला लागतं ते खपतं. वडापाव, ज्यूस, मोबाईलचं कव्हर, गजरा. पाय न थांबवता घेता येईल तेवढंच. भाजणी घ्यायला थांबावं लागतं, वास घ्यावा लागतो, 'यात धने जास्त आहेत का हो' असं विचारावं लागतं. शिवाय पावणेदोन तास लोंबकळून आलेल्या माणसाला दोन जिने चढायला सांगणं हा छळ आहे.

तिथे मावसभावाने एक गोष्ट केली जी मला पुढे सगळीकडे उपयोगी पडली. तो माणसं मोजत नव्हता, हातातल्या पिशव्या बघत होता. "दादा, इथं समद्यांच्या पाठीला सॅक हाय. हात मोकळे. हात मोकळा माणूस घराकडं पळतो." सांगलीतल्या आठवडी बाजारात लहानपणापासून बसलेल्या माणसाची ही नजर. मी सव्वीस वर्षं त्याच फलाटावर सॅक लावून उतरत होतो.

स्टेशनला खेटून मॉल आहेत, सेंटर वन, रघुलीला, इनऑर्बिट. रविवारी तिथेही नेलं त्याला, कारण एजंटाने 'किऑस्क' हा शब्द त्याच्या डोक्यात सोडला होता. त्यावर फार शाई खर्च करत नाही. सकाळी उघडण्यापासून रात्री बंद होईपर्यंत माणूस उभा पाहिजे, पाकिटं एकसारखी छापील पाहिजेत, आणि मावशीच्या हातची चिकटवलेली पुडी तिथे शोभणार नाही, हे त्याला पाच मिनिटांत कळलं. पण मॉलला नावं ठेवायची जी फॅशन आहे तिच्यात मी नाही. मे महिन्यात दुपारी आमच्या इमारतीतली दोन आजोबा-आजींची जोडपी तिथे जाऊन नुसती बसतात, कुणी उठवत नाही. आखीव शहरात फुकट, थंड आणि सावलीची बसायला जागा मॉलने द्यावी हे मजेशीर आहे, पण दिली खरी.

एक फरक मात्र तिथे लक्षात आला. स्टेशनवर उतरलेला माणूस घराकडे निघालेला असतो. मॉलमध्ये आलेला माणूस घरून निघालेला असतो, बहुतेक वेळा गाडी काढून. दोन्ही ठिकाणं दगडफेकीच्या अंतरावर, गिऱ्हाईक मात्र वेगळं.

दुसरा गाळा: सेक्टर सतरा, आतल्या पॅसेजमध्ये

स्टेशनकडून सेक्टर सतराकडे जायचं तर मध्ये सायन-पनवेल महामार्ग. एका नोडचे दोन तुकडे. बसच्या काळात महामार्ग म्हणजे मुंबईकडे जायचं दार होतं, त्यामुळे सगळी वस्ती आणि व्यापार त्याच्या उत्तरेला वाढला. लोकल आली ती दक्षिणेला. स्टेशनचा लोंढा आणि सेक्टर सतराची दुकानं यांची गाठ पडते, पण रिक्षात बसून. पायी सहज जाता-येता पडत नाही. माझ्या मते वाशीच्या 'मेन पेठे'चं घोडं इथेच पेंड खातं.

सेक्टर सतरा आखणी म्हणून वाईट नाही. इमारतींच्या तळाशी दुकानं, वर कचेऱ्या, पुढे चालायला छत असलेली पट्टी. रस्त्याच्या तोंडावरचे गाळे बँका, एटीएम, हॉटेलं आणि सराफांनी धरलेले. आत शिरलात की पॅसेज, आणि पॅसेजमध्ये सीए, ट्रॅव्हल एजंट, क्लासेस, चष्मेवाला, पासपोर्ट फोटो, होमिओपॅथी. आमचा गाळा अशाच एका पॅसेजमध्ये, दुपारी दोनलाही ट्यूबलाइट लावावी लागेल असा. शेजारच्या इन्शुरन्सवाल्याने प्रामाणिकपणे सांगितलं: "माझ्याकडे येणारा माणूस फोन करून येतो. तुमच्याकडे येणारा करेल का?"

सेक्टर सतराला गाळा घेणाऱ्याने एक शब्द शिकून घ्यावा, 'मार्जिनल स्पेस'. दुकानाच्या शटरपासून रस्त्याच्या फुटपाथपर्यंतची ती मोकळी पट्टी. नियमाने ती मोकळी ठेवायची. प्रत्यक्षात तिच्यावर हॉटेलची टेबलं येतात, कपड्यांचे पुतळे येतात, आईस्क्रीमचा फ्रीज येतो. मग एके दिवशी महापालिकेची गाडी येते, पत्रे उचकटले जातात, फोटो निघतात, पेपरात बातमी. पंधरवड्यात टेबलं परत. वाशीत हा खेळ इतकी वर्षं चाललाय की दुकानदार गाडी लांबून ओळखतात. मला यात दुकानदाराचा लोभ दिसतो तसाच आराखड्याचा आंधळेपणाही दिसतो. आपल्याकडचं दुकान शटरच्या आत संपत नाही. पायरीवर संपतं. गिऱ्हाईक उंबऱ्याशी उभं राहून भाव करतं, आत नंतर येतं. ती दीड-दोन मीटरची जागा नियमात नाही म्हणून चोरून घेतली जाते, आणि चोरताना कुणी दीड मीटरवर थांबत नाही.

दुपारी एकच्या पुढे पॅसेजमध्ये जाग आली. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं-पोरी घोळक्याने जेवायला निघाली. मावसभाऊ भिंतीला टेकून बघत होता. एकाच्या हातात फाईल, एकीच्या हातात डबा, बाकी सगळ्यांच्या हातात मोबाईल. पिशवी एकही नाही. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "दादा, इथं थालीपीठ खपेल. भाजणी नाय."

मला वाटतं आठवडाभरातलं हे सगळ्यात शहाणं वाक्य होतं. सेक्टर सतराला माणूस कामाला येतो, काम संपवून जातो. तिथे शिजवलेलं विकावं. शिजवायचं सामान घर जिथे आहे तिथे विकावं. हॉटेल काढायची मात्र त्याची ऐपतही नव्हती आणि इच्छाही.

गावठाण, जे नकाशात मोकळं सोडलं

मधल्या एका दिवशी मी त्याला जुहूगावात नेलं. सेक्टर दहा ओलांडलं की रस्ता अरुंद होतो, घरं अंगावर येतात आणि सेक्टरची शिस्त एकदम सुटते. ही मूळची गावं, आगरी-कोळ्यांची. भातशेती, मिठागरं आणि खाडीची मासळी यांवर जगणारी. जमिनी गेल्या, मोबदल्याच्या वादात जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच शेतकरी गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. आराखड्यात गावठाण म्हणजे रेघ मारून बाजूला ठेवलेला तुकडा. पण संध्याकाळी ओली मासळी पाहिजे असेल तर सेक्टरातली माणसं तिथेच जातात.

तिथल्या खोल्यांचं भाडं परवडणारं होतं. घरमालकीणबाईंनी भाजणीचा वास घेतला, चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "आमच्यात कोण खातंय हे? तांदळाचं पीठ ठेवशील तर चालंल." भाकरीसाठी. मावसभावाने ते वहीत लिहून घेतलं. गाळा घेतला नाही, पण तांदळाचं पीठ आज त्याच्याकडे आहे.

तिसरा गाळा: नऊ-दहा

सेक्टर नऊ आणि दहा म्हणजे सिडकोने सुरुवातीच्या काळात बांधलेल्या घरांची वस्ती. त्यातल्या जेएन टाईप इमारतींची छतं पडण्यावरून किती सभा, किती मोर्चे झाले ते वाशीकरांना ठाऊक आहे. चार मजले, लिफ्ट नाही, अंगणात लावलेली झाडं आता तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत डोकावतात. शिवाजी चौकापासून आत शिरलं की दुतर्फा दुकानं. महापालिकेचं रुग्णालय जवळ, बसडेपो जवळ, भावे नाट्यगृह जवळ. यातलं काहीच देखणं नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला ही 'नियोजित शहराची' बाजारपेठ वाटणार नाही, कुठल्याही तालुक्याच्या गावची वाटेल.

आम्ही संध्याकाळी सहाला गेलो. मला तिथला एक ओटा दाखवतो तुम्हाला, कारण सगळं त्या ओट्यात आहे. फुटपाथपासून दोन पायऱ्या. पहिल्या पायरीवर एक आजी गुडघा चोळत बसलेल्या, शेजारी कापडी पिशवी, तिच्यातून कोथिंबिरीच्या काड्या बाहेर. दुसऱ्या पायरीवर चपला दुरुस्त करणाऱ्याची पेटी, तो स्वतः जेवायला गेलेला. ओट्यावर हार्डवेअरवाल्याने टांगलेल्या बादल्या आणि पंख्याचा एक उघडा रेग्युलेटर, जो तो एका बाईला उघडून दाखवत होता. बाई त्याच्याशी बोलता बोलता रस्त्यावरच्या हातगाडीवाल्याला ओरडून सांगत होत्या, "अर्धा किलो भेंडी काढून ठेव, कोवळी." आणि आजींनी खालूनच सल्ला दिला, "त्याची नको, पलीकडच्याची घे." तीन मीटर रुंदीच्या जागेत तीन व्यवहार, आणि एकातलं गिऱ्हाईक दुसऱ्याला मिळत होतं.

मावसभाऊ बोलला नाही. नुसती बोटाने पिशवी दाखवली. मग दुसरी. मग तिसरी. कापडी, नायलॉनच्या, तांदळाच्या गोणीची शिवलेली एक. त्या रस्त्यावर रिकाम्या हाताचा माणूस शोधून सापडत नव्हता.

तेव्हा घरातल्या तीन उत्तरांचा अर्थ लागला. माझी बायको लग्न होऊन आली ती सेक्टर दहात, घरापासून चालत बाजार, तिचा मध्य नऊ-दहा. मी नोकरी, बँक, विमा, मुलीचे क्लासेस यांतून वाशी बघितली, माझा मध्य सेक्टर सतरा. मुलगी लोकल आणि मॉलची. वाशीचा मध्य माणूस कशाने येतो त्याप्रमाणे सरकत गेला: बस होती तेव्हा डेपोजवळ, लोकल आली तशी स्टेशनकडे, मोटार आली तशी मॉलच्या तळघरातल्या पार्किंगकडे. आणि जे सरकलं नाही ते आराखड्याच्या मनोऱ्यातलं सगळ्यात खालचं, सगळ्यात कमी मानाचं दुकान. चालत जाण्याच्या अंतरावरचं. बेलापूरच्या सीबीडीत रात्री नऊनंतर काही गल्ल्या सोडल्या तर सामसूम असते. नऊ-दहात त्याच वेळी कुणीतरी शटर अर्धं खाली ओढून 'अजून कोण राहिलंय का' बघत असतो. आराखडा करणाऱ्यांनी वरच्या पायऱ्यांवर जास्त विचार केला असेल. त्यांचा खरा विजय खालच्या पायरीवर झाला, असं माझं मत आहे, आणि ही काही लहान गोष्ट नाही.

लोक म्हणतात घरपोच ॲपमुळे हे सगळं बसणार. खरंच आहे, किराणावाले धास्तावलेत. रस्त्याच्या मागच्या बाजूचे पडीक गाळे आता या कंपन्यांच्या गोदामांनी भरलेत, बाहेर दुचाकींची रांग. गंमत म्हणजे जे गाळे तोंडावर नाहीत म्हणून कुणी घेत नव्हतं तेच त्यांना पाहिजे असतात, कारण त्यांच्याकडे गिऱ्हाईक येणारच नसतं. पण मसाल्याचं गिऱ्हाईक अजून पुडी नाकाशी धरतं. शिवाय वाशीच्या शेजारी तुर्भ्याला एपीएमसी, म्हणजे बाजार समितीचा घाऊक बाजार आहे, दाणाबंदर आणि मसाला मार्केट मुंबईच्या मस्जिद बंदरातून तिथे आलं, भाजी आणि फळं १९९६ मध्ये. त्यांच्याबरोबर सातारा-सांगलीकडचे माथाडी आले, कोपरखैरणे-घणसोलीत राहिले. कांदा-लसूण मसाला म्हणजे काय हे ज्यांना समजावून सांगावं लागत नाही अशी हजारो घरं दोन-चार किलोमीटरवर आहेत. उन्हाळ्यात बायका बेडगी आणि संकेश्वरी मिरची घेऊन मसाला कुटायच्या डंकावर जातात, नंबर लावतात, शिंकतात आणि भांडतात. ज्यांना आता तेवढा वेळ नाही ते मावसभावाचं गिऱ्हाईक.

करार

नऊ-दहातला पूर्ण गाळा त्याच्या आवाक्यात नव्हता. सांगायला संकोच वाटतो, पण स्टेशनवरच्या आख्ख्या गाळ्याचं भाडं इथल्या अर्ध्या गाळ्यापेक्षा कमी होतं. स्वस्त गाळा स्वस्त का असतो हे त्याला आता विचारायची गरज उरली नव्हती. तीन दिवस हिंडून त्याने एका ब्लाऊज शिवणाऱ्या टेलरकडे अर्धा गाळा मिळवला. ही निवड मला आधी पटली नाही. टेलरची कात्री, चिंध्या आणि याचे मसाले? पण तो म्हणाला, "दादा, टेलरकडं बाई येती तवा थांबती. माप, अस्तर, बाही. पंधरा मिनिटं रिकामी बसती." शिवाय टेलरच्या गिऱ्हाइकाच्या हातात पिशवी असतेच.

कागदोपत्री फार छळ झाला नाही. कामगार मोजकेच असले की आता दुकानाचा जुना गुमास्ता परवाना लागत नाही, ऑनलाईन सूचना नोंदवायची. अन्नपदार्थांची नोंदणी वेगळी. अडलं ते एका गोष्टीवर: त्याला दुकानात छोटा डंक बसवायचा होता, ताजा मसाला कुटून द्यायला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हात जोडले. जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याची, गाळ्याचा वापर बदलायचा तर परवानगी, आणि परवानगी मिळाली तरी वरच्या मजल्यावरच्या बाळाला ठसका लागला तर जबाबदार कोण? ते बरोबरच होतं. मसाला तुर्भ्याला कुटून येतो.

मे महिन्यात मी एकदा संध्याकाळी तिथे जाऊन बसलो. त्याने ओट्यावर एक लाकडी पाट ठेवलाय, मार्जिनल स्पेसमध्ये जेमतेम हातभर. पाटावर तीन वाट्या, भाजणी, मेतकूट, मसाला, वास घ्यायला. एक मल्याळी बाई मेतकूट चाखून 'हे भातावर घालायचं ना, आमच्यात पोडी असते तसं' म्हणाल्या आणि पाव किलो घेऊन गेल्या. त्याची नजर मात्र अजून हातांवरच असते. "ती बाई बघ, पिशवी भरल्येय, आता घेणार नाय. उद्या येईल." दुसऱ्या दिवशी आली की नाही ते मी विचारलं नाही.

परवा त्याचा फोन आला. सोसायटी पुनर्विकासाला चाललीय. सभेत बिल्डरने चित्रं दाखवली, चकचकीत टॉवर, तीन मजले पोडियम पार्किंग. गाळेधारकांना गाळे मिळणार, चौरस फूट वाढवूनही. हा भाडेकरू, त्याला कोण विचारतो, पण टेलर मालक आहे म्हणून दोघे बरोबर गेले होते. चित्रात नवी दुकानं काचेची, सलग, रस्त्यापासून आत घेतलेली. पुढे झुडपं आणि गाड्या वर चढायचा रॅम्प.

"पायऱ्या कुठायत विचारलं मी," तो म्हणाला. "त्यो म्हणाला, आता पायऱ्या नसतात, लेव्हल असतं. मग माझ्या आज्ज्या बसणार कुठं?" टेलरने लगेच सही केली नाही. पुढची सभा श्रावणात आहे, आणि मला त्या दोघांबरोबर बसून तो नकाशा वाचायला बोलावलंय.